न सांगितलेल्या गोष्टींची व्यवस्था



मुंबईच्या किंवा पुण्याच्या एखाद्या हॉटेलांत जाऊन आपण नुसतें "एक चहा" म्हटलें, तर जो पेला पुढें येतो त्यांत दूध असतें, साखर असते, क्वचित् आलेंहि असतें. यांपैकीं एकहि गोष्ट आपण मागितलेली नसते. ज्याला साखर नको असेल त्यानें तसें सांगावें. जो कांहींच सांगत नाहीं त्याच्या वतीनें हॉटेलवाल्यानें आधींच निर्णय घेऊन ठेवलेला असतो. संगणकाच्या व्यवहारांत अशा निर्णयाला 'डिफॉल्ट' म्हणतात. मराठींत मी त्याला 'गृहीत मूल्य' म्हणणार आहें. शब्द थोडा जड आहे खरा. परंतु कोणीं तरी कांहीं तरी गृहीत धरलें आहे याची आठवण तो सतत करून देतो, म्हणून तो मला पसंत आहे.

माझा विषय जावास्क्रिप्ट भाषेंत लिहिलेल्या घटकांच्या गृहीत मूल्यांचा आहे. ही भाषा ब्रेंडन आइक यांनीं १९९५ सालीं नेटस्केप कंपनींत असतां अवघ्या दहा दिवसांत उभी केली, आणि आज इंटरनेटवरचीं बहुतेक पानें तिच्या बळावर हालतात-चालतात. पानावर आपण जे पाहतों, तारीख निवडण्याची चौकट, डोळ्यांपुढें येऊन नाहींसा होणारा सूचनापट्ट, पानावर उघडणारी लहानशी खिडकी, हे सारे घटक प्रत्येक वेळीं नव्यानें लिहिले जात नाहींत. एकानें एकदा लिहावे आणि हजारोंनीं आपापल्या पानांवर बसवावे, अशी रीत आहे. लिहिणारा आणि बसविणारा यांची बहुधा कधीं गांठ पडत नाहीं. त्या दोघांमधला सारा संवाद 'पर्याय' नांवाच्या एका छोट्याशा यादींतून होतो. बसविणारा म्हणतो, "तारीख अशी दाखव, आठवडा सोमवारीं सुरू कर." जें तो म्हणत नाहीं, त्या ठिकाणीं लिहिणाऱ्याचें गृहीत मूल्य लागू होतें.

आतां असें समजा कीं, एका घटकाला वीस पर्याय आहेत. कोणताहि बसविणारा त्यांतले दोन-तीनच हातीं घेतो; उरलेले सतरा-अठरा मौनानें ठरतात. म्हणजे आपल्यापुढें येणारा घटक हा मुख्यतः त्याच्या गृहीत मूल्यांचाच बनलेला असतो, आणि म्हणूनच या मूल्यांची व्यवस्था कशी लावावी हा प्रश्न मला घटकाच्या रंगरूपापेक्षां महत्त्वाचा वाटतो.

याचें एक उदाहरण देतों. बूटस्ट्रॅप नांवाचा एक प्रसिद्ध घटकसंच आहे. तो ट्विटर कंपनींत जन्मला आणि २०११ सालीं सर्वांसाठीं खुला झाला. त्याच्या चौथ्या आवृत्तींत 'टोस्ट' नांवाचा सूचनापट्ट आला. बसविणाऱ्यानें कांहीं न सांगितल्यास हा पट्ट ५०० मिलिसेकंदांनीं, म्हणजे अर्ध्या सेकंदानें, मिटावा असें त्या आवृत्तीच्या कोष्टकांत होतें. अर्ध्या सेकंदांत तरुण माणसालाहि चार शब्दांवरून नजर फिरविणें कठीण. मग ज्याची दृष्टि अधू आहे, किंवा जो अक्षर अक्षर लावून वाचतो, त्याची गोष्टच नको. पट्टावर "अर्ज पोंचला नाहीं, पुन्हा भरा" असें लिहिलेलें असलें, तर तो गृहस्थ अर्ज पोंचल्याच्या समजुतींत घरीं स्वस्थ बसणार. २०२१ सालीं आलेल्या पांचव्या आवृत्तींत हेंच मूल्य ५००० झालें. एक शून्य वाढलें आणि पट्ट पांच सेकंद थांबूं लागला. तत्पूर्वीं ज्यांनीं मुदत स्वतः लिहून दिली होती, त्यांना या फरकाचें कांहींच नव्हतें. जे मौन राहिले त्यांचे वाचक मात्र त्या शून्यावर अवलंबून होते.

दुसरें उदाहरण तारखेचें. जेक्वेरी यूआय या संचांतील तारीख निवडण्याचा घटक, कांहीं न सांगितल्यास, आधीं महिना, मग दिवस, मग वर्ष अशा अमेरिकन क्रमानें तारीख लिहितो. आपल्याकडे ०५/०४ म्हणजे पांच एप्रिल. त्याच्याकडे ती चार मे. तेरा ते एकतीस या दिवसांत घोटाळा लगेच उघड होतो, कारण तेरावा महिना नसतो. परंतु महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत दोन्ही वाचनें शक्य असतात, आणि चूक निमूटपणें वहीवर चढते. या मूल्यांत लबाडी कांहीं नाहीं. लिहिणाऱ्याच्या देशांत तेंच स्वाभाविक होतें. आपल्याला जें स्वाभाविक वाटतें, तेंच गृहीत म्हणून लिहिण्याचें आपल्याला सुचत नाहीं, एवढाच याचा अर्थ.

तेव्हां व्यवस्थेचा पहिला प्रश्न हा कीं, हीं मूल्यें ठेवावयाचीं कोठें? अगदीं प्राथमिक रीत म्हणजे जेथें लागेल तेथेंच तीं लिहावयाचीं. सूचनापट्ट उघडतांना "मुदत दिली नसेल तर तीन सेकंद" असें एकदां लिहिलें. पुढें, वाचकानें पट्टावर माउस नेऊन परत काढला म्हणजे मुदत नव्यानें मोजावयाची, तेथें दुसऱ्या दिवशीं दुसऱ्याच कोणीं "मुदत दिली नसेल तर पांच सेकंद" असें लिहिलें. आतां एकाच मौनाचे दोन अर्थ झाले. घटक मोडत नाहीं, तक्रार करीत नाहीं. केवळ विचित्र वागतो, आणि त्या वागण्याचें कारण शोधावयास सगळी आज्ञावली उपसावी लागते. यासाठीं सर्व गृहीत मूल्यें घटकाच्या आरंभीं एका कोष्टकांत मांडावीं, आणि घटकाच्या पोटांत दुसरीकडे कोठेंहि "नसेल तर अमुक" हे शब्द येऊं देऊं नयेत, असें माझें स्पष्ट मत आहे. पंचांगकर्ते हें फार पूर्वींपासून जाणतात. पंचांगांतला सूर्योदय कोणत्या गांवचा धरला आहे तें ते सांगून ठेवतात. दुसऱ्या गांवच्या माणसाला मग आपला फरक काढतां येतो. गृहीत मूल्य चुकीचें असलें तरी चालेल, एक वेळ. परंतु तें सांपडलें पाहिजे.

जॉन रेसिग यांनीं २००६ सालीं पुढें आणलेल्या जेक्वेरीच्या आधारें जीं असंख्य जोडकामें लिहिलीं गेलीं, त्यांत ही कोष्टकाची रीत रुळली. घटकाबरोबर 'डिफॉल्ट्स' नांवाचें कोष्टक उघडें ठेवावयाचें, आणि 'एक्स्टेंड' नांवाच्या फंक्शननें बसविणाऱ्याचे पर्याय त्यावर चढवावयाचे. येथें एक खोंच आहे. नभोवाणीवरून कंस आणि स्वल्पविराम वाचून दाखविणें म्हणजे श्रोत्यांवर अन्याय. म्हणून ती पंगतीच्या भाषेंत सांगतों. योग्य रीत अशी कीं, प्रथम रिकामें ताट घ्यावें, त्यांत घरचा ठरलेला स्वयंपाक वाढावा, आणि मग पाहुण्याच्या आवडीप्रमाणें त्या ताटांत फेरफार करावा. 'एक्स्टेंड' या फंक्शनला जें पहिलें दिलें जातें त्यांतच तें भर घालतें. रिकामें ताट द्यावयाचें विसरून कोणीं पहिल्या जागीं मूळ कोष्टकच दिलें, तर पाहुण्याची आवड थेट पातेल्यांत पडते, आणि पुढच्या प्रत्येक पाहुण्याला तीच चव येते. पानावरच्या पहिल्या घटकानें लाल रंग मागितला कीं, न मागणारे पुढचे सगळे लाल होतात. यांत खरा त्रास असा कीं, दोष कोणता घटक आधीं उभा राहिला यावर अवलंबून असतो. पानावर एकच घटक ठेवून तपासणारा सांगतो कीं सर्व ठीक आहे, आणि त्याच्यापुरतें तें खरेंहि असतें.

यावर एक उपाय भाषेंतच आहे. २००९ सालच्या पांचव्या प्रमाण-आवृत्तीपासून कोष्टक गोठवून टाकण्याची सोय मिळाली; गोठविलेल्या कोष्टकांत कोणाला लिहितां येत नाहीं. मात्र ही थंडी वरच्या थरापुरतीच पोंचते. कोष्टकाच्या आंत दुसरें कोष्टक असेल तर तें तसेंच पातळ राहतें. शिवाय 'कडक' पद्धतींत लिहिलेल्या आज्ञावलींतच असा प्रयत्न उघडपणें नाकारला जातो. एरवीं तो मुकाट्यानें दुर्लक्षिला जातो.

आतां मी ज्या मुद्यापाशीं अंमळ अधिक थांबणार आहें तो म्हणजे मौनाचा. बसविणाऱ्यानें कांहीं सांगितलें नाहीं, हें घटकानें ओळखावयाचें कसें? प्रश्न सोपा दिसतो. परंतु जावास्क्रिप्टमध्यें 'नाहीं' म्हणण्याचे इतके प्रकार आहेत कीं त्यांची वर्गवारी करावी लागते. शून्य ही संख्या आहे, रिकामें वाक्य आहे, 'असत्य' हें मूल्य आहे, 'नल' म्हणजे मुद्दाम ठेवलेली रिकामी जागा आहे, आणि 'अनडिफाइन्ड' म्हणजे ज्याचा उच्चारच झाला नाहीं असें आहे. जुनी आणि फार लोकप्रिय लकब दोन उभ्या रेघांची: डावीकडे बसविणाऱ्याचें मूल्य, उजवीकडे गृहीत मूल्य, डावें 'पोकळ' वाटलें तर उजवें घ्यावयाचें. दुर्दैव असें कीं, या रेघांच्या दृष्टीनें मीं आतां सांगितलेलीं पांचहि मूल्यें सारखींच पोकळ आहेत. सूचनापट्ट आपोआप मिटूंच नये म्हणून एकानें मुदत 'शून्य' दिली, तर घटक समजतो कीं हा कांहीं बोललाच नाहीं, आणि तीन सेकंदांनीं पट्ट मिटतो. खिडकी बाहेर क्लिक केल्यानें बंद होऊं नये म्हणून दुसऱ्यानें 'असत्य' लिहिलें, तर तेंहि ऐकिलें जात नाहीं. ज्यानें स्पष्ट शब्दांत 'नको' म्हटलें, त्याच्या पेल्यांत साखर पडतेच.

२०१५ च्या आवृत्तींत फंक्शनच्या पर्यायांनाच गृहीत मूल्य लिहिण्याची सोय आली. ती फक्त 'अनडिफाइन्ड'ला मौन मानते; शून्य, असत्य आणि नल यांना बोलणें मानते. २०२० सालीं दोन प्रश्नचिन्हांचें नवें चिन्ह आलें. तें 'अनडिफाइन्ड' आणि 'नल' या दोघांना मौन समजतें. मध्यंतरीं २०१८ सालीं तीन टिंबांची रीत आली, जिच्या योगें एका कोष्टकावर दुसरें कोष्टक पसरतां येतें. ही रीत दिसावयास सर्वांत सुबक आणि आज सर्वांत प्रचलित. पण तिचा स्वभाव निराळाच आहे. बसविणाऱ्याच्या यादींत पर्यायाचें नांव असेल आणि त्यापुढें 'अनडिफाइन्ड' असेल, तर ती तें 'अनडिफाइन्ड'सुद्धां गृहीत मूल्यावर पसरून त्याला पुसून टाकते. जेक्वेरीचें 'एक्स्टेंड' असें करीत नसे. तें अनडिफाइन्ड वगळीत असे. त्यामुळें जुना घटक नव्या पद्धतीनें लिहून काढतांना ज्यानें केवळ फंक्शन बदलून तीन टिंबें घातलीं, त्यानें नकळत मौनाची व्याख्याच बदलली. आणि हें क्वचित् घडणारें आहे असेंहि नाहीं. एक घटक दुसऱ्या घटकाला पोटांत घेतो, आपल्याला मिळालेले पर्याय पुढें सरकवितो, तेव्हां न मिळालेला पर्याय नांवासह आणि मूल्यावांचून पुढें जातो.

म्हणजे पाहा, चार लकबी आणि मौनाचे चार निरनिराळे अर्थ. यांतला योग्य कोणता? माझ्या मतें 'अनडिफाइन्ड' म्हणजेच मौन असें मानावें, आणि 'नल' हें बोलणें समजावें: "किमान तारीख नल" म्हणजे किमान तारखेचें बंधन नको, असें स्पष्ट सांगणें. याविरुद्ध एक सबळ आक्षेप आहे, तोहि मांडतों. सर्व्हरकडून जी माहिती जेसन स्वरूपांत येते, तिच्यांत 'अनडिफाइन्ड' हें मूल्यच नाहीं; तेथें न भरलेला रकाना बहुतेक वेळां 'नल' म्हणूनच येतो. अशी माहिती घटकाला सरळ जोडणाऱ्यांना दोन प्रश्नचिन्हांची रीत सोयीची वाटते, आणि त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. मात्र त्यांचा घटक मग "बंधन नको" हें म्हणण्याचा मार्ग गमावून बसतो. दोहोंपैकीं कांहींहि पत्करावें. पण कोष्टकाच्या शेजारीं तें एका ओळींत लिहावें आणि सर्व पर्यायांना तोच नियम लावावा.

मौनानंतरचा दुसरा चकवा याद्यांचा. कोष्टकांत कोष्टक असलें, म्हणजे वरवर पसरण्यानें भागत नाहीं; बसविणाऱ्यानें 'मजकूर' या पोट-कोष्टकांतला एकच शब्द बदलला, तर बाकीचे शब्द नाहींसे होतात. म्हणून खोलवर मिसळण्याच्या पद्धति निघाल्या. त्यांनीं एक दुखणें बरें केलें आणि दुसरें आणलें. समजा, खिडकीखालीं 'होय', 'नाहीं', 'मागाहून' अशीं तीन बटणें गृहीत आहेत, आणि बसविणाऱ्यानें 'ठीक' या एकाच बटणाची यादी दिली. त्याची अपेक्षा एका बटणाची. परंतु जेक्वेरीची खोल मिसळ याद्या जागेवार मिसळते: पहिल्या जागीं 'ठीक' येतें, दुसऱ्या-तिसऱ्या जागीं जुनीं 'नाहीं' आणि 'मागाहून' राहतात. लोडॅशचें 'मर्ज'हि असेंच वागतें. यादी ही एकच वस्तु समजावी, ती अख्खी बदलावी किंवा अख्खी ठेवावी, हा नियम मला बरा वाटतो. त्याहून बरें म्हणजे कोष्टकें शक्य तों उथळ ठेवणें. पर्यायांची तीन-चार पातळ्यांची माडी बांधणारे बहुधा रचनेच्या हौसेनें ती बांधतात. तिच्यावर चढणाऱ्याचे पाय त्यांनीं मोजलेले नसतात.

खोल मिसळींत याहून गंभीर धोका निघाला. जावास्क्रिप्टमध्यें प्रत्येक साध्या ऑब्जेक्टच्या मागें एक सामाईक पूर्वज असतो, आणि एका विशिष्ट नांवानें त्या पूर्वजापर्यंत पोंचतां येतें. बाहेरून आलेल्या पर्यायांत कोणीं दुष्ट हेतूनें तेंच नांव घातलें, तर खोल मिसळ करणारें फंक्शन भाबडेपणानें पूर्वजावरच लिहूं लागतें, आणि पानावरच्या सर्व ऑब्जेक्टांना नवें 'गृहीत मूल्य' चिकटतें. 'सर्वांना मौन असतां मान्यता आहे' अशा अर्थाचें मूल्य तेथें लिहिलें गेलें तर काय होईल, याची कल्पना आपण करूं शकतां. जेक्वेरीनें हा दोष २०१९ च्या एप्रिलांत ३.४.० या आवृत्तींत दूर केला; लोडॅशच्या 'डिफॉल्ट्सडीप' या फंक्शनांतहि त्याच वर्षीं तो दुरुस्त झाला. गृहीत मूल्यें मिसळण्यासारखें निरुपद्रवी काम, परंतु लक्षावधि पानांची सुरक्षितता त्यावर टेकलेली होती.

आतां थरांविषयीं. मोठ्या प्रकल्पांत मूल्य ठरविणारा एकच माणूस नसतो. घटक लिहिणाऱ्याचें एक मत, तो घटक वापरणाऱ्या संस्थेचें दुसरें, विशिष्ट पानाचें तिसरें, आणि त्या पानावरच्या त्या एका जागेचें चौथें. जवळचा बोल लांबच्या बोलावर चढावा, हा साधा नियम. बूटस्ट्रॅपमध्यें घटकाचें मूळ कोष्टक, त्यावर पानाच्या एचटीएमएलमध्यें लिहिलेले पर्याय, आणि त्यावर जावास्क्रिप्टमधून दिलेले पर्याय, असा क्रम आहे. पण या नियमाला अपवाद हवेत, आणि ते त्याच संचानें शिकविले. फेब्रुवारी २०१९ मध्यें त्यांतील टूलटिप या घटकांतून परकी आज्ञावली पानांत शिरूं शकते असें आढळलें. ४.३.१ या आवृत्तींत उपाय झाला: मजकूर गाळून घेण्याचा पर्याय आला आणि त्याचें गृहीत मूल्य 'सत्य' ठेवण्यांत आलें. इतकेंच नव्हे, तर हा पर्याय एचटीएमएलच्या थरांतून बदलतां येणार नाहीं असाहि निर्बंध घातला गेला. कारण ज्या मजकुराला गाळावयाचें, त्याच मजकुराच्या हातीं चाळणी देणें योग्य नव्हे. कोणता पर्याय कोणत्या थरांतून बदलतां येतो, हा कोष्टकाचाच एक रकाना मानला पाहिजे.

आणि लिहिणाऱ्याच्या थराच्याहि खालीं एक थर असतो, तो ब्राउझरचा. एचटीएमएलमध्यें अर्जाच्या आंत ठेवलेलें बटण, त्याचा प्रकार न सांगितल्यास, अर्ज पाठविणारें बटण ठरतें. तारखेच्या चौकटींतलें 'पुढचा महिना' हें बटण लिहितांना ज्यानें प्रकार लिहिला नाहीं, त्याच्या घटकाला अर्जांत बसविल्यावर महिना पुढें सरकवितांच अर्धवट भरलेला अर्ज निघून जातो. तसेंच हो-नाहीं स्वरूपाच्या गुणांचें. एचटीएमएलमध्यें अशा गुणाचें नुसतें नांव असणें म्हणजे 'होय', आणि नसणें म्हणजे 'नाहीं'. 'डिसेबल्ड' या गुणापुढें अवतरणांत 'असत्य' लिहिलें तरी बटण बंदच राहतें. म्हणून ज्या पर्यायाचें गृहीत मूल्य 'होय' आहे, तो एचटीएमएलच्या अशा गुणांतून बंद करण्याची वाटच उरत नाहीं. शहाणा लेखक तेथें नांवच उलटें ठेवतो, 'बंद होऊं दे' याऐवजीं 'बंद होऊं देऊं नको'. नकारार्थी नांव कानाला बोचतें, पण मौनाचा अर्थ ठीक बसतो.

रिॲक्ट वापरणाऱ्यांसाठीं एकच गोष्ट सांगून पुढें जातों. तेथें फंक्शन-घटकांना 'डिफॉल्टप्रॉप्स' नांवाचें निराळें कोष्टक जोडण्याची रीत होती. डिसेंबर २०२४ मधील एकोणिसाव्या आवृत्तीनें ती काढून टाकली, आणि भाषेच्या स्वतःच्या गृहीत मूल्यांवर काम सोंपविलें. बदल योग्यच आहे. मात्र गृहीत मूल्य म्हणून तेथल्या तेथें रिकामी यादी लिहिली, तर प्रत्येक चित्रणाच्या वेळीं नवी यादी जन्मते, आणि यादी बदलली असें समजून घटक तेंच काम पुनःपुन्हा करूं लागतो. तीच यादी फंक्शनच्या बाहेर एकदां लिहून ठेवली म्हणजे झालें.

कोष्टक सुरेख लावल्यावर तें बदलावयाचें झालें तर? नवा पर्याय वाढविणें निरुपद्रवी असतें. जुन्या पर्यायाचें गृहीत मूल्य बदलणें म्हणजे जे गप्प होते त्यांच्या पानांचें वर्तन त्यांना न विचारतां बदलणें. २०१७ सालीं क्रोम ब्राउझरच्या ५६ व्या आवृत्तीनें असें केलें. बोटाच्या स्पर्शावर लक्ष ठेवणारें फंक्शन पानाचें सरकणें अडवूं शकत असे. तें अडवील कीं काय याची वाट पाहत ब्राउझर थांबे, आणि पान अडखळत सरके. क्रोमनें ठरविलें कीं, पूर्ण पानावर लावलेलें असें फंक्शन, कांहीं न सांगितल्यास, अडविणार नाहीं असें धरावें. बहुसंख्य वाचकांचा फायदा झाला. पान गुळगुळीत सरकूं लागलें. परंतु ज्या नकाशांना आणि चित्रफलकांना सरकणें अडवावयाचेंच होतें, आणि ज्यांनीं जुन्या मूल्यावर विसंबून तसें लिहिलें नव्हतें, ते अकस्मात् बिघडले. मला हा निर्णय एकंदरींत पटतो, तरी एवढें म्हणेन कीं घटक लिहिणाऱ्या सामान्य माणसाजवळ क्रोमएवढा अधिकार नसतो. त्यानें गृहीत मूल्य बदलतांना मोठ्या आवृत्तीचा आंकडा वाढवावा, आणि जुनें मूल्य हवें असणाऱ्यानें कोणती ओळ लिहावी ती बदलाच्या टिपणांत छापावी.

एक लहानशी सूचना राहिली: बसविणाऱ्यानें पर्यायाचें नांव चुकीचें लिहिलें, तर त्याला वाटतें आपण बोललों, घटकाला वाटतें तो गप्प आहे. कोष्टकांत नसलेलें नांव आलें तर विकासाच्या काळांत तरी घटकानें ओरडावें.

शेवटीं आपल्या घरचा प्रश्न. तारखेच्या घटकाची भाषा न सांगितल्यास ती कोणती धरावी? पुष्कळ कोष्टकांत या रकान्यांत अमेरिकन इंग्रजी लिहिलेली असते. ती काढून रकाना मोकळा ठेवला, तर जावास्क्रिप्टची 'इंटल' ही व्यवस्था वाचकाच्या ब्राउझरची भाषा उचलते. पण आपल्याकडे कित्येकांचा ब्राउझर इंग्रजींत असतो आणि पान मराठींत. मग मराठी अर्जाच्या मध्यें महिन्यांचीं नांवें इंग्रजी येतात. म्हणून आधीं पानाच्या 'लँग' या गुणाला विचारावें, तेथें उत्तर न मिळाल्यास ब्राउझरला विचारावें, असा क्रम मी सुचवीन. भाषा 'एमआर-आयएन' धरली म्हणजे 'इंटल' संख्या १,२३,४५६ अशी, लाखाचा स्वल्पविराम देऊन आणि देवनागरी आंकड्यांत लिहितें. मात्र देवनागरी '५' हें अक्षर जावास्क्रिप्टच्या संख्या-रूपांतराला संख्या म्हणून ओळखतां येत नाहीं. म्हणून दाखवावयाची तारीख आणि सर्व्हरला पाठवावयाची तारीख यांचे कोष्टकांत दोन निराळे रकाने असावेत: पहिला भाषेप्रमाणें बदलणारा, दुसरा कायम वर्ष-महिना-दिवस या क्रमाचा आणि इंग्रजी आंकड्यांचा. एखाद्या कार्यालयाला दाखवावयाच्या तारखेंतहि इंग्रजी आंकडेच हवे असतील, तर भाषेच्या नांवापुढें 'यू-एनयू-लॅटन' अशी पुरवणी जोडून ते मागतां येतात. न जोडल्यास महिन्याच्या चौकटींत १ पासून ३१ पर्यंतचे आंकडे देवनागरींत उमटतात.